अजिंठ्याचें हरण

इ. स. 1896-97 मध्यें लंडन येथें दोन अवजड खंडांत एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स यांनीं अजिंठ्याच्या चित्रांच्या ज्या नकला करविल्या होत्या, त्या रंगीत शिळाछापानें या खंडांत उतरविल्या होत्या. ग्रंथाच्या नांवांत 'अजिंठा' या शब्दाच्या पाठोपाठ 'खानदेश' असा शब्द छापलेला आहे. राज्यकारभाराच्या दृष्टीनें ही सरळसरळ चूक होय. कारण अजिंठ्याचीं लेणीं त्या वेळीं निजामाच्या मुलखांत, औरंगाबादेकडे मोडत होतीं, आणि खानदेश हा मुंबई इलाख्याचा जिल्हा होता. 1906 सालीं त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग होऊन एकाचें ठाणें जळगांवास व दुसऱ्याचें धुळ्यास झालें, तरी अजिंठा कांहीं त्यांत आला नाहीं. परंतु पाण्याच्या हिशेबानें पाहिलें तर ग्रिफिथ्सची चूक तितकीशी चूक राहत नाहीं. ज्या वाघूर नदीच्या नालाकार वळणांत हीं लेणीं खोदलीं आहेत, ती सातमाळ्याच्या डोंगरांतून उत्तरेस उतरते आणि खानदेशांतून वाहत जाऊन तापीस मिळते. चित्रकार मंडळी येत तीही याच वाटेनें. मुंबईहून आगगाडीनें खानदेशांत उतरावें आणि तेथून बैलगाडीनें फर्दापुराकडे वळावें, असा तो रस्ता होता.

नांवांतील ही सरमिसळ मला अर्थपूर्ण वाटते. अजिंठ्याचा गेल्या दोनशें वर्षांचा इतिहास हा अशाच घेण्यादेण्याचा, किंबहुना घेण्याचाच इतिहास आहे. कोणी चित्र घेतलें, कोणी रेषा घेतली, कोणी नुसतें नांव घेतलें, आणि एकदोघांनीं तर भिंतच घेतली. आज पश्चिमेकडील नव्या कलेंत दुसऱ्याची प्रतिमा जशीच्या तशी उचलून ती आपली म्हणून मांडण्याचा एक पंथ मान्य झाला आहे, आणि आपल्याकडील तरुण कलावंतही त्याची चर्चा हिरिरीनें करतात. ती चर्चा ऐकतांना हा प्रश्न कालपरवां न्यूयॉर्कमध्यें जन्मला अशी समजूत होऊं लागते. वस्तुतः तो आपल्या उशालाच आहे. आणि शास्त्रकारांनीं तर तो हजार वर्षांपूर्वींच चर्चून ठेविला आहे.

राजशेखरानें 'काव्यमीमांसे'त हरणाचा विचार केला आहे. हरण म्हणजे दुसऱ्याच्या कृतींतून उचलणें. हा राजशेखर मूळचा महाराष्ट्रीय घराण्यांतला. त्याचा पणजा अकालजलद याला तो महाराष्ट्राचा चूडामणि म्हणतो. कवी आणि व्यापारी या दोघांनाही तो चोरांतच गणतो. फरक काय तो चोरी पचविण्याच्या कौशल्याचा. अर्थहरणाच्या त्यानें ज्या पायऱ्या सांगितल्या आहेत त्यांपैकीं चार मुख्य. पहिली प्रतिबिंबकल्प: अर्थ सगळाच्या सगळा तोच, नुसती वाक्यरचना वेगळी, आरशांतल्या छायेसारखी. दुसरी आलेख्यप्रख्य: थोडा संस्कार केल्यानें तीच वस्तु निराळी भासते, जसें माणूस आणि त्याचें चित्र. तिसरी तुल्यदेहितुल्य: दोन देह वेगळे, पण साम्य इतकें कीं एकच वाटावे. चौथी परपुरप्रवेश: मूळ एक, पण पुढचा सारा परिवार निराळा, जणूं एका जिवानें दुसऱ्या शरीरांत प्रवेश केला. पहिल्या प्रकाराला तो सर्वथा त्याज्य मानतो, कारण त्यानें कवीचें कवित्वच जातें. कवितेपुरतें हें ठीक आहे. पण मूळ कविताच जर डोळ्यांदेखत झडून चालली असेल, तर तिचें प्रतिबिंब धरणाऱ्यास काय म्हणावें? हा प्रश्न राजशेखरापुढें नव्हता. अजिंठ्यानें तो आपल्यापुढें टाकला.

अजिंठ्याच्या चित्रांचें द्रव्य समजून घेतलें म्हणजे हा प्रश्न किती निकडीचा आहे हें ध्यानांत येतें. हीं चित्रें ओल्या चुन्यावर काढलेलीं नाहींत. खडकाच्या खडबडीत भिंतीवर माती, शेण, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यांत कालविलेले रंग, अशी ही घडण आहे. गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळी हे बहुतेक साधे रंग. निळा तेवढा दूरदेशच्या राजावर्ताचा. प्रथम गेरूच्या तांबड्या रेषेनें आकृति काढीत, मग रंग भरीत, आणि शेवटीं पुनः रेषेनें ती आकृति पक्की करीत. म्हणजे रेषा पहिली आणि रेषाच शेवटची. लेप खडकापासून सुटला कीं चित्र जातें. पाणी, वटवाघुळें, किडे, गोसाव्यांच्या धुन्या, आणि शेवटीं पाहुणे, या सर्वांनीं मिळून तें काम शतकानुशतकें चालविलें होतें.

28 एप्रिल 1819 रोजीं मद्रास लष्कराच्या घोडदळाचा एक अंमलदार, जॉन स्मिथ, शिकारीच्या निमित्तानें या दरींत आला आणि त्यानें दहाव्या लेण्यांत आपलें नांव व तारीख कोरून ठेविली. हें दहावें लेणें ख्रिस्तपूर्व काळचें, अजिंठ्यांतील सर्वांत जुनें चैत्यगृह होय. त्याच्या दर्शनी भागावर तें मुख करविणाऱ्या वासिष्ठीपुत्र कटहादीचें नांव ब्राह्मी अक्षरांत आहे. दात्याचें नांव आहे, शिकाऱ्याचें नांव आहे. चित्रें काढणाऱ्याचें मात्र नाहीं.

स्मिथनंतर आलेल्यांपैकीं मुंबईच्या डॉ. जेम्स बर्ड यांनीं चित्रांचे तुकडे भिंतीवरून उखडून काढले, आणि ते हातांतच भुगा झाले. सोळाव्या लेण्यांतील एक तुकडा हातोहात फिरत फिरत शेवटीं अमेरिकेंत बोस्टनच्या संग्रहालयांत जाऊन पोंचला. तो तेथें आजही आहे. हें झालें निखळ हरण. यावर राजशेखराची गरज नाहीं, फौजदाराची आहे.

1839 मध्यें जेम्स फर्ग्युसननें लेणीं पाहिलीं आणि 1843 मध्यें रॉयल एशियाटिक सोसायटीपुढें निबंध वाचून या चित्रांच्या नकला करवाव्या असा आग्रह धरला. त्याचा परिणाम होऊन ईस्ट इंडिया कंपनीनें 1844 सालीं मद्रास पलटणीच्या रॉबर्ट गिल याची नेमणूक केली. गिल जवळजवळ वीस वर्षें अजिंठ्यास राबला. अंधाऱ्या लेण्यांत बाहेरचा उजेड परावर्तित करून घ्यावयाचा, आणि भिंतीएवढ्या कापडावर तेलरंगांत चित्र उतरावयाचें, असा त्याचा क्रम होता. त्याची आणि पारोची कथा महाराष्ट्रास ठाऊक आहे, ना. धों. महानोरांनीं तिच्यावर दीर्घकाव्य लिहिलें आणि 2012 सालीं तिच्यावर चित्रपटही निघाला. कथा मनोहर आहे खरी, पण तिनें गिलच्या मूळ कामावर इतकी दाट सावली पाडली आहे कीं वीस वर्षें तो माणूस तेथें करीत काय होता, हें पुष्कळांना सांगतां येत नाहीं.

गिलचीं कापडें विलायतेस गेलीं आणि सिडनहॅमच्या स्फटिकप्रासादांत टांगलीं गेलीं. डिसेंबर 1866 मध्यें तेथें आग लागली आणि थोडींशीं वगळतां सगळीं जळालीं. पुढें 1879 मध्यें गिल वारला. त्याला भुसावळास पुरलें आहे.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती लहान आहे, पण माझ्या मतें साऱ्या विषयाचा गाभा तीच आहे. गिलचीं कापडें जळण्यापूर्वीं दहा वर्षें, 1856 मध्यें, श्रीमती स्पायर या बाईंनीं प्राचीन हिंदुस्थानांतील जीवनाविषयीं एक पुस्तक लंडनमध्यें प्रसिद्ध केलें. त्यासाठीं जॉर्ज शार्फ यानें सिडनहॅम येथील गिलच्या चित्रांवरून कांहीं आकृत्या लाकडी ठोकळ्यांवर काढून दिल्या. ना रंग, ना भव्यता; पुस्तकाच्या पानांत मावेल एवढा आकार आणि काळ्या शाईची रेषा. नकलेची ही नकल. परंतु आग लागल्यावर उरलें तें हेंच. भिंतीएवढीं कापडें खाक झालीं आणि वीतभर ठोकळ्याचे छाप शेंकडों घरांत सुखरूप राहिले. थोडक्यांत काढलेली, अनेक प्रतींत छापलेली रेषा आगीला भीत नाहीं, कारण ती एके ठिकाणीं नसतेच.

गिलच्या नकला जळाल्या म्हणून ग्रिफिथ्सचें काम सुरू झालें. 1872 पासून 1885 पर्यंत, मध्यें खंड पडत, ग्रिफिथ्स कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास जात राहिले आणि सुमारें तीनशें नकला तयार झाल्या. त्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयांत पाठविण्यांत आल्या. आणि दैवाचा खेळ असा कीं 1885 मध्यें तेथेंही आग लागली व पुष्कळशा नकला नष्ट झाल्या. जें वांचलें तें आज व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत आहे. पण मधल्या काळांत ग्रिफिथ्सना शहाणपण सुचलें होतें. या चित्रांचा छापील ग्रंथ झाला पाहिजे, हें त्यांनीं मनावर घेतलें. विल्यम ग्रिग्ज या लंडनच्या मुद्रकानें तें काम केलें. प्रकाशलेखनाच्या साहाय्यानें आकृति छापाच्या पृष्ठावर उतरवावयाची आणि प्रत्येक रंगास वेगळा छाप देऊन एकावर एक रंग चढवावयाचे, ही त्याची हातोटी होती. शिळाछापाचें तत्त्व तेल आणि पाणी यांच्या वैरावर उभें आहे: दगडावर तेलकट रेषा काढली, दगड ओला केला, कीं शाई रेषेलाच धरते, ओल्या दगडाला धरीत नाहीं. पण रंग जसे वाढतात तसा प्रत्येक छाप पहिल्याशीं केसभरही न चुकतां जुळावा लागतो. हे छाप आजही पाहणाऱ्यास थक्क करतात. तथापि त्यांत एक गोडवा शिरला आहे, जो भिंतीवर नाहीं. चेहऱ्यांची गोलाई विलायती आहे. राजशेखराच्या भाषेंत, ग्रिफिथ्सना प्रतिबिंब हवें होतें. हातीं आलें तें आलेख्य.

याचा अर्थ ग्रिफिथ्सना मूळ चित्रांविषयीं आदर नव्हता असा मुळींच नव्हे. सोळाव्या लेण्यांतील जी स्त्री त्या काळीं 'मृत्युशय्येवरील राजकन्या' म्हणून प्रसिद्ध झाली आणि जी आतां नंदाची विरहव्याकूळ पत्नी मानली जाते, तिच्याविषयीं त्यांनीं असा अभिप्राय दिला आहे कीं फ्लॉरेन्सचा चित्रकार रेखाटन अधिक चांगलें करूं शकला असता आणि व्हेनिसचा रंग, पण याहून अधिक भाव दोघांपैकीं एकालाही ओततां आला नसता. त्या काळच्या इंग्रज शिक्षकाच्या तोंडीं ही फार मोठी कबुली होय.

पण हिशेबाची दुसरी बाजू पाहिलीच पाहिजे, आणि ती दोन कलमांची आहे.

पहिलें कलम रोगणाचें. काळवंडलेल्या भिंतीवरील रंग उठून दिसावे, नक्कल करणें सोपें जावें, म्हणून गिलनें आणि ग्रिफिथ्सनेंही मूळ चित्रांवर रोगण फासलें. त्या क्षणीं चित्र उजळलें. पुढें रोगण पिवळें पडलें, तडकलें, आणि निघतांना खालचा रंग ओढूं लागलें. 1920 ते 22 च्या दरम्यान निजाम सरकारनें बोलाविलेल्या चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनीं सुटलेले लेप पुनः खडकास चिकटविले आणि पुष्कळ चित्रें वांचविलीं. पण त्यांनीं वर दिलेला लाखेचा थरही काळान्तरानें काळवंडला. तो उतरविण्याचें काम पुरातत्त्वखात्याच्या रसायनशाखेस पुढें अनेक वर्षें करावें लागलें. अशा रीतीनें नकलेसाठीं मूळ झिजलें. ज्याला आपण निरुपद्रवी समजतों तें प्रतिबिंब घेण्याचें काम आरशासारखें अलिप्त नव्हतें. आरसा समोरच्या तोंडाला हात लावीत नाहीं. ग्रिफिथ्सच्या मंडळींनीं लावला.

दुसरें कलम नांवांचें. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नांव एकट्या ग्रिफिथ्सचें. परंतु तीनशें कापडें एका माणसाच्या हातचीं नसतात. पेस्तनजी बोमनजी हे पुढें नामवंत झालेले पारशी चित्रकार या विद्यार्थ्यांत होते, जगन्नाथ अनंत होते, आणखीही होते. संग्रहालयाच्या नोंदींत आज कापडाकापडापुढें त्यांचीं नांवें लाविलेलीं आढळतात, हें चांगलें झालें. पण सर्वसाधारण वाचक 'ग्रिफिथ्सचा अजिंठा' म्हणतो, आणि म्हणतच राहील. पंधराशें वर्षांपूर्वीं भिंतीवर काम करणाऱ्यांची नांवें गेलीं, तीं लिहिलींच नव्हतीं म्हणून. या मुलांचीं मात्र लिहिलेलीं असून मागें पडलीं. मला हें दुसरें हरण पहिल्याहून अधिक टोंचतें.

आपल्या परंपरेंत नक्कल करणाऱ्याची प्रतिष्ठा अशी बुडत नसे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं 1893 सालीं सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि समर्थ संप्रदायाच्या पोथ्या मठामठांतून हुडकून काढल्या. त्यांनीं 1905 सालीं दासबोधाची जी छापील आवृत्ति धुळ्याहून काढली, तिला आधार होता डोमगांवच्या मठांतील प्रतीचा, आणि ती प्रत कल्याणस्वामींच्या हातची मानली जाते. ग्रंथ समर्थांचा, हात कल्याणांचा, छाप देवांचा. तिघांचींही नांवें आपण एका श्वासांत घेतों आणि त्यांत कोणास कमीपणा वाटत नाहीं. पोथी लिहिणारा शेवटीं आपलें नांव, गांव, शक आणि तिथि लिहीत असे, आणि चूकभूल असल्यास वाचकानें क्षमा करावी असेंही विनवीत असे. नकलेची ही रीत अजिंठ्यास लागूं झाली असती तर पुढचा कांहीं वाद उरलाच नसता.

ग्रिफिथ्सनंतर जे आले त्यांची हकीकत थोडक्यांत सांगतों. क्रिस्तिआना हेरिंगहॅम या इंग्रज बाई 1909 ते 1911 च्या दोन हिवाळ्यांत आल्या. त्यांच्या हाताखालीं नंदलाल बोस, असितकुमार हालदार, वेंकटप्पा, समरेंद्रनाथ गुप्त आणि हैद्राबादचे सय्यद अहमद व फजलुद्दीन यांनीं नकला केल्या, आणि 1915 मध्यें इंडिया सोसायटीनें त्या छापल्या. जपानी चित्रकार आराई काम्पो यानें 1917-18 मध्यें आपल्या देशासाठीं नकला नेल्या. 1923 च्या भूकंपानंतर तोक्योस जो अग्निप्रलय झाला त्यांत त्या गेल्या. अजिंठ्याच्या नकलांना अग्नीनें तीन खंडांत गांठलें असें म्हटलें असतें, पण पहिल्या दोन्ही आगी एकाच लंडन शहराच्या. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनींही नकला करविल्या आणि 1932 मध्यें अजिंठ्यावर एक सुबक मार्गदर्शक पुस्तक लिहिलें. निजामाच्या पुरातत्त्वखात्याचे गुलाम याझदानी यांनीं 1930 पासून 1955 पर्यंत चार भागांत प्रकाशचित्रांचा महाग्रंथ काढला, आणि तेथें हातानें केलेल्या नकलेचें युग सरलें.

या साऱ्यांत एक माणूस निराळा आहे, त्याच्यापाशीं थोडें थांबलें पाहिजे. बंगालचे मुकुल दे हे कोरीव छापाची विद्या शिकण्यासाठीं परदेशीं गेलेल्या हिंदी कलावंतांपैकीं पहिले. 1916 मध्यें जपानमार्गें अमेरिकेस जाऊन त्यांनीं ती हस्तगत केली. 1919 मध्यें ते अजिंठ्यास आले, नकला केल्या, आणि नंतर विलायतेस जाऊन 1925 सालीं अजिंठा आणि बाघ येथील यात्रेवर पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांचें पुढचें आवडतें साधन म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर नुसत्या सुईनें ओरखडणें. यांत अम्ल नाहीं, रंग नाहीं. सुई पत्रा ओरबाडते, कडेला तांब्याचा बारीक कीस उभा राहतो, शाई त्यांत अडकते, आणि छाप घेतला कीं रेषेस मखमली कांठ येतो. दाबाखालीं तो कीस लवकर चेपतो, म्हणून प्रती थोड्याच निघतात. अजिंठ्याच्या भिंतीवर महिने घालविलेल्या माणसानें शेवटीं एवढ्या अल्प साधनाकडे वळावें, यांत मला संगति दिसते. भिंतीवरून रंग उतरतो, लेप उतरतो, आणि शेवटपर्यंत धरून राहते ती गेरूची रेषा. ज्यानें तें जवळून पाहिलें त्याला भारंभार रंगांचा मोह राहूं नये हें स्वाभाविक आहे.

किंबहुना अजिंठ्यावरील सर्वांत अल्प साधनाचा छाप चित्रकारांनीं घेतलेलाच नाहीं. तो शिलालेख वाचणाऱ्या विद्वानांच्या परंपरेंतला आहे. अजिंठ्याचे लेख प्रथम नीट लावण्याचें श्रेय डॉ. भाऊ दाजी लाड यांस आहे. त्यांच्यामागून भगवानलाल इंद्रजींनीं तें काम पुढें नेलें. शिलालेखाचा ठसा घेण्याची रीत अशी असते: ओला कागद दगडावर बसवावयाचा, ब्रशानें ठोकून अक्षरांच्या खांचांत उतरवावयाचा, आणि वरून शाईचा बोळा फिरवावयाचा. खांच पांढरी राहते, उरलेला दगड काळा. यांत घेणाऱ्याचा हात दिसत नाहीं, त्याची आवड दिसत नाहीं. दगडाची तडदेखील अक्षराइतक्याच इमानानें उमटते. कागद उचलला कीं दगड होता तसा. प्रतिबिंबकल्प हरणाला निर्दोष म्हणावयाचें असेल तर तें येथेंच म्हणतां येईल. आजच्या परिभाषेंत बोलावयाचें तर काळ्या पृष्ठावर चार पांढऱ्या ओळी इतक्या किमान साधनांचा छाप आपल्याकडे पुराणवस्तुखात्याच्या कपाटांत केव्हांपासूनच पडून आहे, फक्त त्याला कोणी कलाकृति म्हटलें नाहीं.

आतां न्यूयॉर्ककडे वळण्यास हरकत नाहीं. शेरी लेव्हिन या बाईंनीं 1981 सालीं वॉकर एव्हन्स या प्रसिद्ध प्रकाशचित्रकाराचीं चित्रें पुस्तकांतून पुनः प्रकाशचित्रित करून जशींच्या तशीं आपल्या नांवानें मांडलीं. केवढा गदारोळ झाला! पण त्यांनीं शीर्षकांतच एव्हन्सचें नांव घातलें होतें, हें विसरूं नये. पोथीच्या शेवटीं लेखकानें मूळ ग्रंथकाराचें नांव लिहावें, तसें. पुढें 1989 मध्यें त्यांनीं लाकडी ठोकळ्यांचे चार छाप केले. आधार द्युशां, किर्शनर, मॉन्द्रियान आणि मोने यांच्या कृतींचा. संगणकाकडून प्रत्येक चित्राचे भाग पाडवून त्या त्या भागांतील रंगांची सरासरी काढली, आणि तेवढ्या मोजक्या चौकटी सपाट रंगांत छापल्या. विषय गेला, आकृति गेली, रेषाही गेली. राहिला तो रंगांचा ताळेबंद. यांतील द्युशांची कृति तर स्वतःच हरणाची: त्यानें 1919 मध्यें मोना लिसाच्या छापील पत्रावर मिशा काढल्या होत्या. म्हणजे हरणाचें हरण, आणि तेंही लाकडांत. या चौकटींतून मोने कोणास ओळखूं येणार नाहीं. मूळ तेंच, परिवार सर्वस्वी वेगळा: हा चौथा प्रकार, परपुरप्रवेश. माझ्या आवडीचें हें काम नव्हे. त्यांतील युक्ति मला पटते, पण डोळा तृप्त होत नाहीं. तथापि राजशेखराच्या कसोटीस तें उतरतें हें मान्य केलेंच पाहिजे.

परपुरप्रवेशाचा याहून सजीव दाखला हवा असेल तर अमृता शेर-गिलचा घ्यावा. 1936 मध्यें तिनें अजिंठा पाहिला आणि पुढच्याच वर्षीं 'वधूचा शृंगार', 'ब्रह्मचारी' हीं चित्रें काढलीं. त्यांत अजिंठ्याची एकही आकृति उचललेली नाहीं. पण शरीरांचा तो सांवळा तांबूस वर्ण, ते झुकलेले डोळे, गर्दींतही असलेली ती स्तब्धता ही कोठली, हें सांगावें लागत नाहीं. तिसऱ्या प्रकारासाठीं रविवर्म्याकडे जावें लागेल. 1894 मध्यें गिरगांवांत निघालेल्या आणि पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेल्या त्याच्या छापखान्यानें लक्ष्मी-सरस्वती घरोघरीं पोंचविल्या. 2000 ते 2004 या काळांत पुष्पमाला एन. या कलावतीनें, क्लेअर आर्नी यांच्या साथीनें, रविवर्म्याच्या नायिकांचा वेष स्वतःच घालून त्या चित्रांचीं प्रकाशचित्रें केलीं. देह दुसरा, पण पाहणारा क्षणभर फसतो. आणि फसल्याचें कळल्यावर मूळ चित्रांतील स्त्रीही कोणीतरी असा वेष चढवूनच बसविली असावी, हें त्याच्या ध्यानांत येतें. असल्या हरणानें मूळाचें कांहीं बिघडत नाहीं. उलट तें पुनः वाचलें जातें.

उलटपक्षीं कांहीं हरणें नुसतीं शोभेचीं. मुंबईच्या कलाशाळेंत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखालीं भांड्यांवर अजिंठ्याची वेलबुट्टी चढूं लागली आणि ती भांडीं विलायतेस खपलीं. आना पाव्लोव्हा या रशियन नर्तकीनें 1923 मध्यें लंडनच्या रंगभूमीवर अजिंठ्याच्या चित्रांचें नृत्य बसविलें. आणि स्वतंत्र हिंदुस्थानानें 1949 सालीं जीं पुराणवास्तूंचीं टपालतिकिटें काढलीं, त्यांतील सर्वांत स्वस्त, 3 पैच्या तिकिटावर अजिंठ्याचा पट होता. गिलच्या भिंतीएवढ्या कापडापासून नखाएवढ्या तिकिटापर्यंत अजिंठा असा आकसत आला. पण हें तिकीट जितक्यांच्या हातांत गेलें तितक्यांनीं गिलचें कापड पाहिलें नसेल.

राहतां राहिला नांवांचा प्रश्न. पहिल्या लेण्यांतील एका दरबाराच्या चित्रास फर्ग्युसननें पुलकेशीच्या दरबारीं आलेला इराणी वकील असें नांव दिलें, आणि तें पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या चाललें. आतां अभ्यासक तो एका जातककथेचा प्रसंग मानतात. पण जुन्या छापाखालीं जुनेंच नांव छापलेलें आहे, आणि छापाचें नांव पुसणें हें भिंतीवरचें रोगण पुसण्याहून अवघड आहे. 2013 सालीं फर्दापूरजवळ जें अभ्यागत केंद्र उघडलें, त्यांत पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांच्या प्रतिकृती उभारल्या. मूळ लेण्यांवरील गर्दीचा भार हलका व्हावा हा त्यामागचा हेतु, आणि तो स्तुत्य आहे. ज्या नकलेसाठीं एकदां मूळ झिजविलें, तीच नक्कल आतां मूळाच्या रक्षणास उभी केली आहे.

मूळ लेण्यांत मात्र सोळाव्या क्रमांकाच्या भिंतीपाशीं उभें राहिलें असतां डाव्या अंगाला ती नंदाची पत्नी अंधुक दिसते. मान कललेली आहे, दासी तिला सांवरीत आहे. बोटांच्या रेषा दिव्याच्या उजेडांतही धड लागत नाहींत. ग्रिफिथ्सच्या खंडांत त्या लागतात. त्या कोणा विद्यार्थ्यानें ओढल्या, हें त्या पानावर कोठें लिहिलेलें नाहीं.